थीममधल्या स्टाइलना नावं देताना: नुसतं ‘सेक्टर १७’ सांगून पत्ता लागत नाही

वाशी स्टेशनबाहेर रिक्षात बसून ‘सेक्टर १७’ म्हटलं की रिक्षावाला मीटर पाडून निघतो. खारघर स्टेशनबाहेर तेच म्हटलं तरी निघतो, पण पोचवतो वेगळ्याच सेक्टर १७ मध्ये. नवी मुंबईत प्रत्येक नोडचे, म्हणजे वाशी-खारघरसारख्या प्रत्येक उपनगराचे, सेक्टर पुन्हा एकपासून मोजतात. म्हणून इथली माणसं पत्ता सांगताना आधी नोड सांगतात, मग सेक्टर, मग प्लॉट. हे कुणी शिकवत नाही. दोनदा चुकीच्या जागी उतरलं की अंगवळणी पडतं.

वेबसाइटच्या थीममधल्या, म्हणजे तिच्या रूपाच्या साच्यातल्या, स्टाइलचंही असंच आहे. ‘शीर्षक’ नावाचा क्लास लिहिला त्या दिवशी तो कुठला, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. चार महिन्यांनी त्याच नावाने हाक मारली की कार्डाचं शीर्षक, पानाचं शीर्षक आणि फॉर्मचं शीर्षक असे तिघे एकदम ओ देतात.

नुकतंच थीम बनवायला लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे. एचटीएमएल आणि सीएसएस जुजबी येत असेल तर पुरे. एक गोष्ट आधीच सांगते: खाली क्लासची नावं देवनागरीत लिहिली आहेत, कारण वाचताना ती तशी पटकन कळतात. प्रत्यक्ष फाइलीत मात्र ती रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं वापरून लिहा. का, ते पुढे येईलच.

चुकीचं नाव कुठे नडतं

नौपाड्यातल्या एका काकू घरगुती फराळ विकतात. त्यांची साइट मी केली तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती आणि हातात दिवस थोडे होते. समोर चकलीचा फोटो होता, म्हणून पदार्थाच्या चौकटीला ‘चकली-कार्ड’ नाव दिलं. ऑर्डरचं बटन केशरी होतं, त्याला ‘केशरी-बटन’. पदार्थ संपला की वर येणारी पट्टी लाल, तिला ‘लाल-पट्टी’. साइट वेळेत सुरू झाली, ऑर्डरी आल्या, सगळे खूश.

पाडव्याला काकूंना बटन हिरवं हवं झालं. मी ‘केशरी-बटन’ या नावाखाली हिरव्या रंगाचा कोड लिहिला आणि पुढच्या कामाला लागले. मग तीच थीम खारघरच्या एका शिकवणीसाठी घेतली. तिथे दहावीची गणिताची बॅच ‘चकली-कार्ड’मध्ये जाऊन बसली आणि ‘प्रवेश घ्या’चं निळं बटन ‘केशरी-बटन’ या नावाने वावरू लागलं. त्याच सुमारास ऐरोलीची एक मुलगी माझ्याबरोबर कामाला लागली. तिला एका जागी खरोखरचा केशरी रंग हवा होता. तिने फाइलीत ‘केशरी’ शोधलं, जे सापडलं ते वापरलं, आणि पानावर निळं उमटलं. अर्धा दिवस ती ब्राउझरची कॅश, म्हणजे त्याने साठवलेल्या जुन्या फाइली, साफ करत बसली. तिची काहीच चूक नव्हती. नावानेच तिला खोटं सांगितलं होतं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून चालते: स्टाइलला नाव द्यायचं ते तिच्या कामावरून, दिसण्यावरून नाही. दिसणं दर सणाला बदलतं. ऑर्डर देण्याचं बटन मात्र ऑर्डर देण्याचंच राहतं.

पहिली पायरी: नावं देण्याआधी मोजदाद

नव्याने शिकणारे बहुतेक जण फाइल उघडून थेट लिहायला बसतात. त्याआधी अर्धा तास कागदाला द्या. साइटची तीन-चार महत्त्वाची पानं समोर घ्या, फराळाच्या साइटचं म्हणाल तर मुखपृष्ठ, पदार्थांची यादी, एका पदार्थाचं पान आणि संपर्क. पेन्सिलीने प्रत्येक चौकट आखा आणि जी गोष्ट दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा दिसते तिच्यावर खूण करा. नाव हवं आहे ते या खुणा केलेल्या गोष्टींना. एकदाच येणाऱ्या गोष्टीची इतकी काळजी करायची गरज नाही.

जुनी फाइल हाताशी असेल तर आणखी एक काम करा. रंगाचे सगळे कोड शोधून एका ओळीत मांडा. डोळ्याला एकच वाटणाऱ्या साईच्या रंगाच्या चार-पाच छटा हमखास निघतात, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी अंदाजाने नवा कोड टाकलेला असतो. त्यातली कुठली ठेवायची हे आत्ताच ठरवा. नको असलेल्या छटेला सुंदर नाव दिलं तर ती कायमची घरात राहते.

दुसरी पायरी: रंग दोन थरांत ठेवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. बाकी काही जमलं नाही आणि एवढंच जमलं, तरी थीम सुधारते.

सीएसएसमध्ये एखाद्या किमतीला नाव देऊन ठेवता येतं. त्याला कस्टम प्रॉपर्टी म्हणतात. बोलताना सगळे व्हेरिएबलच म्हणतात. त्याचं नाव दोन डॅशने सुरू होतं. नवशिक्या माणसाने हे शिकल्या शिकल्या केलेली पहिली गोष्ट म्हणजे ‘--केशरी’ नावाचं व्हेरिएबल बनवून ते पन्नास ठिकाणी वापरणं. दिसायला हे शिस्तीचं वाटतं, पण आपण पुन्हा ‘केशरी-बटन’पाशीच आलेलो असतो.

त्याऐवजी दोन थर करा. खालचा थर म्हणजे रंगपेटी. तिथे रंगाला रंगाचंच नाव चालतं, कारण पेटीत वड्या जशा असतात तशाच दिसतात:

--पेटी-केशरी-गडद
--पेटी-साय
--पेटी-कोळसा

खरे रंगाचे कोड फक्त इथे लिहायचे. वरचा थर कामाचा:

--रंग-पार्श्व
--रंग-मजकूर
--रंग-रेघ
--रंग-कृती
--रंग-इशारा

या वरच्या थरात एकही कोड नाही. ‘--रंग-कृती’ची किंमत म्हणजे ‘पेटीतला गडद केशरी घ्या’ एवढीच सूचना. आणि बटन, कार्ड, पट्टी, फॉर्म यांनी बोलायचं ते फक्त वरच्या थराशी. बटनाच्या नियमात ‘पेटी’ हा शब्द दिसला की समजा, कुणीतरी मधला जिना सोडून उडी मारली आहे.

आता पाडव्याला बटन हिरवं करायचं झालं तर बदलायची ओळ एक. ‘रंग-कृती’ला केशरीऐवजी हिरव्याकडे बोट दाखवायचं. नाव खरं होतं, खरंच राहिलं. शिकवणीच्या साइटला निळं हवं? तिथेही तीच एक ओळ.

वरच्या थरातलं नाव बरोबर आहे की नाही हे तपासायला मी एक प्रश्न विचारते: उद्या ही साइट रात्रीच्या काळ्या रूपात दाखवायची झाली तर हे नाव खरं राहील का? वाचणाऱ्याने फोनवर काळं रूप निवडलेलं असेल तर ब्राउझर ते सीएसएसला सांगू शकतो, आणि आपण त्या वेळी वेगळे रंग देऊ शकतो. तिथे ‘--पांढरा’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये काळा रंग भरायची वेळ येते. ‘--रंग-पार्श्व’ला काही फरक पडत नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. ज्या रंगावर अक्षरं येणार, त्याच्या जोडीचं नाव लगेच बनवा: ‘--रंग-कृती’ आणि ‘--रंग-कृतीवर’. दुसरं म्हणजे कृतीच्या रंगावर लिहायच्या अक्षरांचा रंग. गूगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये अशाच जोड्या असतात. फायदा असा की रंग बदलताना जोडीदार डोळ्यांसमोर येतो. केशरी बटनावर पांढरी अक्षरं छान वाटतात, पण उजळ केशरी असेल तर घोडबंदर रोडला दुपारच्या उन्हात फोन बघणाऱ्याला ती वाचता येत नाहीत. वेबच्या सुलभतेच्या नियमावलीत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ मागितलं आहे. ते मोजून देणारी साधनं ब्राउझरमध्येच असतात. जोडीला नाव असलं की काय मोजायचं ते शोधत बसावं लागत नाही.

तिसरी पायरी: नोड, सेक्टर आणि फरक

आता चौकटींची नावं. यासाठी पद्धती बऱ्याच आहेत. मी नव्या माणसाला बीईएम शिकवते. ही यांडेक्स या रशियन कंपनीत तयार झालेली पद्धत. ब्लॉक, एलिमेंट आणि मॉडिफायर या तीन शब्दांची ती आद्याक्षरं. आज सर्वत्र दिसणाऱ्या रूपात ब्लॉक आणि एलिमेंट यांच्यामध्ये दोन अंडरस्कोअर येतात आणि मॉडिफायरच्या आधी दोन डॅश.

कार्ड
कार्ड__फोटो
कार्ड__शीर्षक
कार्ड__किंमत
कार्ड--संपलं

ब्लॉक म्हणजे नोड, एलिमेंट म्हणजे त्यातला सेक्टर. ‘शीर्षक’ एकटं कधीच लिहायचं नाही; ‘कार्ड__शीर्षक’ लिहिलं की वाशीचा सेक्टर १७ आणि खारघरचा सेक्टर १७ एकमेकांत मिसळत नाहीत. मॉडिफायर म्हणजे त्याच गोष्टीचं थोडं वेगळं रूप. पदार्थ संपला की कार्ड तेच, फक्त फिकं. एचटीएमएलमध्ये अशा वेळी दोन्ही नावं लिहायची, ‘कार्ड’ आणि ‘कार्ड--संपलं’. दुसरं एकटं लिहिलं तर कार्डाची मूळ स्टाइल येतच नाही.

दोन डॅश, दोन अंडरस्कोअर सुरुवातीला डोळ्याला खुपतात, हे मला मान्य आहे. ऐरोलीच्या त्या मुलीनेही पहिल्या दिवशी तेच म्हटलं होतं. पण ते दोन-दोन असण्याला कारण आहे. एकेरी डॅश नावातले शब्द जोडायला लागतो, उदाहरणार्थ ‘फराळ-यादी’ किंवा ‘संपर्क-फॉर्म’. सांधा कुठे आहे आणि शब्द कुठे जोडलाय, हे वेगळं दिसावं म्हणून खुणा वेगळ्या.

इथे नव्या माणसाच्या दोन चुका ठरलेल्या. पहिली, चौकटीत चौकट अशा रचनेप्रमाणे नाव लांबवत नेणं: ‘कार्ड__तळ__बटनपट्टी__बटन’. उद्या बटन तळातून वर नेलं की सगळं नाव खोटं. बटन कितीही आत असो, ते कार्डाचंच आहे, ‘कार्ड__बटन’ पुरे. दुसरी, जागेवरून नाव देणं. ‘डावी-पट्टी’ मोठ्या पडद्यावर डावीकडे असते, फोनवर ती खाली जाते. तिच्यात पदार्थांचे प्रकार निवडायची सोय असेल तर ‘गाळणी’ म्हणा, ‘प्रकार-यादी’ म्हणा, पण ‘डावी’ नको.

या पद्धतीचा एक फायदा नावापलीकडचा आहे. सीएसएसमध्ये दोन नियम एकमेकांविरुद्ध गेले तर कुणाचं ऐकायचं, हे सिलेक्टरच्या वजनावर ठरतं. आयडी वापरलेला एक नियम कितीही क्लास वापरलेल्या नियमावर मात करतो. एकात एक सिलेक्टर गुंफले की वजन वाढत जातं, मग त्याला हरवायला आणखी जड सिलेक्टर, आणि शेवटी हातघाईवर येऊन ‘इम्पॉर्टंट’. प्रत्येक गोष्टीला स्वतःचं एकच नाव असलं की बहुतेक सगळ्या नियमांचं वजन सारखं राहतं आणि फाइलीत जो नंतर येतो तो चालतो. रात्री अकराला ‘हा रंग का लागत नाहीये’ हा प्रश्न पडत नाही.

बाहेरून आणलेल्या गोष्टींशी टक्कर टाळायला पुढे थीमची खूण लावा. बूटस्ट्रॅप या तयार स्टाइलच्या संचातही ‘कार्ड’ नावाचा क्लास आहे. तुमच्या थीममध्ये कुणी बूटस्ट्रॅप वापरणारं प्लगिन टाकलं की दोन कार्डांची भांडणं सुरू. माझ्या थीमचं नाव ‘अंगण’, म्हणून मी ‘अंग-कार्ड’, ‘अंग-कार्ड__किंमत’ असं लिहिते. दोन-तीन अक्षरांची खूण पुरते. मात्र ती थीमच्या नावावरून घ्या, गिऱ्हाइकाच्या नावावरून नको, नाहीतर काकूंच्या आडनावाची खूण शिकवणीच्या साइटवर जाऊन बसते.

चौथी पायरी: मापांना जागा सोडून आकडे

अंतरं आणि अक्षरांचे आकार यांना नाव देताना पिक्सेल नावात घालू नका. ‘अंतर-१६’ लिहिलं आणि महिन्याने ते १८ केलं, की पुन्हा खोटं नाव.

लहान-मध्यम-मोठं ही नावं आकार तीन-चारच असतील तर उत्तम. पण लहान आणि मध्यम यांच्यामध्ये एक हवं झालं की ‘लहान-पण-जरा-मोठं’ जन्माला येतं. वाशीला सेक्टर ९ आहे, तसा सेक्टर ९ ए सुद्धा आहे. एक-दोन-तीन असे सलग आकडे दिले की नव्या पाहुण्याला शेपूट लावावंच लागतं. म्हणून आकडे जागा सोडून द्या. सीएसएसमध्ये अक्षरांचा जाडपणा १०० ते ९०० असा मोजतात, साधं ४०० आणि ठळक ७००; मधे जागा भरपूर. साइट बनवायच्या वर्डप्रेस या साधनातही अंतरांची आयती नावं २०, ३०, ४० अशी ८० पर्यंत आहेत आणि ५० हे मधलं. मी तेच आकडे घेते: ‘--अंतर-२०’ ते ‘--अंतर-८०’. पस्तीस लागलं तर घालायला जागा आहे. नव्या माणसाला हे २० म्हणजे वीस पिक्सेल वाटू शकतात, तेवढं आधी सांगून ठेवा.

पाचवी पायरी: लिपी आणि स्पेलिंग

मराठी माणूस आहोत, मग क्लासची नावं देवनागरीत का नकोत? हा प्रश्न मला दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतं आणि तो रास्त आहे. सीएसएसला देवनागरी चालते. ‘कार्ड__किंमत’ जसंच्या तसं लिहिलं तरी ब्राउझर तक्रार करत नाही.

अडचण येते ती इथे. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातलं ‘ऱ्या’ संगणकावर दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. ब्राउझर मात्र आतले संकेतांक जुळवून पाहतो, आणि ते वेगळे आहेत. एचटीएमएल तुमच्या कीबोर्डवरून आलं आणि सीएसएस सहकाऱ्याच्या, तर स्टाइल लागणार नाही आणि डोळे फाडून बघितलं तरी फरक सापडणार नाही. म्हणून फाइलीत रोमन.

मग रोमन लिपीत मराठी शब्द? तिथे वेगळा त्रास. ‘किंमत’ लिहिताना एक जण एक ‘एम’ घालतो, दुसरा दोन, तिसरा ‘एन’ लिहून मग ‘एम’ लिहितो. एकट्याची थीम असेल आणि यादी समोर असेल तर चालेल. चार जण हात लावणार असतील तर साधे इंग्रजी शब्द रोमनमध्ये लिहा. हा भाषेवरच्या प्रेमाचा प्रश्न नाही. वाचकाला दिसणारा प्रत्येक शब्द मराठीत असू दे, तिथे मी अजिबात सवलत देत नाही.

इंग्रजी शब्दांचंही स्पेलिंग ठरवून घ्या. ‘कलर’मध्ये ‘यू’ घालायचा की नाही? सीएसएसच्या स्वतःच्या प्रॉपर्टीत ‘यू’ नाही, म्हणून आपणही घालू नये. ‘ग्रे’ तर फसवाच आहे: रंगाचं तयार नाव म्हणून सीएसएस ‘ए’ आणि ‘ई’ दोन्ही स्पेलिंग स्वीकारतं, त्यामुळे आपल्याला वाटतं काहीही चालतं. आपल्या व्हेरिएबलच्या नावात मात्र ‘ए’ आणि ‘ई’ म्हणजे दोन वेगळी व्हेरिएबल.

बाकी किरकोळ: क्लास आणि व्हेरिएबल यांच्या नावांत कॅपिटल आणि लहान अक्षरं वेगळी धरली जातात, म्हणून सगळं लहान. नावाची सुरुवात अंकाने करू नका. एचटीएमएल काही बोलत नाही, पण सीएसएसमध्ये तसाच लिहिलेला नियम लागू होत नाही. ‘१०वी-बॅच’ नको, ‘बॅच-१०वी’ ठीक.

वर्डप्रेसची थीम असेल तर

जुलै २०२१ मध्ये वर्डप्रेस ५.८ आलं आणि त्याबरोबर ‘थीम डॉट जेसन’ ही फाइल. रंग, अक्षरांचे आकार, अंतरं तिथे एकदा लिहिली की संपादकात दिसतात आणि त्यांची व्हेरिएबल आपोआप तयार होतात. प्रत्येक रंगाला तिथे दोन नावं असतात: एक दाखवायचं आणि एक ‘स्लग’. हे दोन वेगळे आहेत हे लक्षात घेतलं तर अर्धी लढाई तिथेच संपते. दाखवायचं नाव काकूंसाठी. ते खुशाल मराठीत, देवनागरीत, ‘बटनाचा केशरी’ असं लिहा, आणि हवं तेव्हा बदला. स्लग आपल्यासाठी, रोमनमध्ये, कामावरून, आणि एकदा दिला की कायमचा.

कायमचा का? काकूंनी एखाद्या परिच्छेदाला रंग दिला की त्या लेखाच्या मजकुरात स्लगवरून तयार झालेला क्लास कोरला जातो. आपण थीममध्ये स्लग बदलला तरी जुन्या लेखांत जुनंच नाव राहतं, आणि त्या नावाची स्टाइल आता कुठेच नसते. रंग गुपचूप उडतो. ठाण्यात कॅडबरी जंक्शन आहे. कंपनीने आपलं भारतातलं नाव २०१४ मध्ये बदललं, पण रिक्षात बसून आजही ‘कॅडबरी’च सांगावं लागतं. लोकांच्या तोंडात बसलेलं नाव आणि साठवलेल्या लेखांत बसलेला स्लग, दोन्ही आपल्या मर्जीने हलत नाहीत.

वर्डप्रेसच्या स्वतःच्या थीममधली नावं बघून घ्या. ट्वेंटी ट्वेंटी-थ्रीपासून पार्श्वभूमीला ‘बेस’ आणि मजकुराला ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतात. हे स्लग मी जसेच्या तसे घेते, कारण उद्या गिऱ्हाइकाने थीम बदलली तर निदान हे दोन रंग नव्या थीममध्ये ओळखले जाण्याची शक्यता असते. ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्हमध्ये पुढचे रंग ‘ॲक्सेंट-१’ ते ‘ॲक्सेंट-६’ आहेत. जगभरातल्या कुणीही कसेही रंग भरावेत अशा थीमला ते ठीक. आपल्या थीममध्ये मला ते पोखरण रोड १ आणि पोखरण रोड २ सारखे वाटतात: रोज जाणाऱ्याला कळतात, नवा माणूस दर वेळी विचारतो. आकडा लावलाच तर मधला डॅश स्वतः लिहा. वर्डप्रेस अक्षर आणि अंक यांच्यामध्ये आपणहून डॅश घालतं, आणि मग ‘ॲक्सेंट१’ शोधणाऱ्याला काही सापडत नाही.

लिहून ठेवा, एका पानात

ठरवलेलं सगळं थीमच्या फोल्डरमध्येच एका साध्या मजकूर फाइलीत लिहा. खूण कुठली, सांधे कसे, आकडे कुठले आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शब्दांची यादी. पानाच्या वरच्या मोठ्या चित्रपट्टीला एक जण ‘हीरो’ म्हणतो, दुसरा ‘बॅनर’, तिसरा ‘हेडर’. त्यातला एक निवडा आणि बाकीचे ‘वापरू नका’ म्हणून शेजारी लिहून ठेवा. नाकारलेले शब्द लिहिल्याचा मला फार उपयोग झाला आहे. नवा माणूस नेमका तोच शब्द शोधतो आणि यादी त्याला बरोबर शब्दाकडे नेते.

मग एक तोंडी परीक्षा घ्या. यादीतलं नाव सहकाऱ्याला फोनवर सांगा, पडदा न दाखवता. ‘कार्ड, किंमत’ म्हटल्यावर त्याला ते पानावर कुठे आहे ते सांगता आलं तर नाव ठेवा. ‘ते नाही का, उजवीकडचं छोटं’ असं म्हणावं लागलं तर बदला.

हाताने राखण करायचा कंटाळा येत असेल तर स्टाइललिंट नावाचं साधन बसवा. त्यात क्लासच्या नावांचा साचा ठरवून देता येतो आणि साच्यात न बसणारं नाव दिसलं की ते लगेच बोट दाखवतं. मात्र ते साचाच तपासतं. ‘चकली-कार्ड’ त्याच्या लेखी अगदी शुद्ध आहे.

आधीच गोंधळ झालेली थीम हातात आली तर

एका बैठकीत सगळं बदलायला जाऊ नका. मी अंगणची दुरुस्ती बटनापासून सुरू केली, कारण ते सगळ्यात जास्त ठिकाणी होतं. आधी व्हेरिएबल घ्या. नवं कामाचं नाव बनवा आणि जुन्या नावाची किंमत म्हणून नव्याकडे बोट दाखवा. जुन्या नावाने बोलावलं तरी नवाच रंग येतो, काही मोडत नाही. मग एकेक फाइल घेऊन जुनं नाव काढत जा. शोधल्यावर जुनं नाव कुठेच सापडत नाही असा दिवस आला की ती ओळ पुसा.

क्लासच्या बाबतीत थोडं जास्त जपावं लागतं, कारण ते लेखांतही कोरलेले असू शकतात. तिथे काही काळ एकाच नियमावर दोन्ही नावं स्वल्पविरामाने जोडून ठेवा, जुनं आणि नवं.

‘सगळीकडे शोधा आणि बदला’ हे बटन आंधळेपणाने दाबू नका. ‘कार्ड’च्या जागी दुसरं काही घालायला गेलात तर ‘डिस्कार्ड’मधला ‘कार्ड’ही बदलतो आणि फॉर्मचं रद्द करायचं बटन बंद पडतं. पूर्ण शब्द जुळवण्याची खूण लावा आणि प्रत्येक बदल डोळ्यांखालून घाला. त्याआधी जुन्या फाइलींची प्रत बाजूला ठेवा.

नवी फाइल चढवल्यावर वाचणाऱ्याच्या फोनमध्ये काही काळ जुनी सीएसएस साठवलेली असते आणि पान मात्र नवं येतं. नव्या नावांचं पान आणि जुन्या नावांची स्टाइल, म्हणजे काकूंच्या गिऱ्हाइकाला उघडीबोडकी साइट. म्हणून सीएसएस फाइलीच्या पत्त्याला जोडलेला आवृत्तीचा आकडा दर बदलाला वाढवा, आणि असले बदल ऑर्डरींच्या गर्दीत करू नका. मी ते काकूंना विचारून दिवाळी संपल्यावर, एका मंगळवारी दुपारी केले.